कुत्र्याचे पोट बिघडते तेव्हा

कुत्र्याला खीर पचत नाही, असे आपल्याकडे म्हणण्याचा प्रघात आहे. ही उक्ती खरे पाहता माणसाला उद्देशून योजिली जाते. योग्यतेबाहेरचे वैभव हाती आले असता ज्याला ते सांभाळता येत नाही, अशा मनुष्यावर तिचा रोख असतो. परंतु ज्याने कोणी ती प्रथम उच्चारली, त्याने कुत्र्याच्या पोटाकडेही बारकाईने पाहिले असले पाहिजे. दूध, साखर आणि तूप ही तिन्ही एकदम पोटात गेली म्हणजे पुष्कळशा प्रौढ कुत्र्यांना दुसऱ्या दिवशी ढाळ लागतात, हे आजचा पशुवैद्यही सांगेल. उक्तीत एक गोष्ट मात्र सांगावयाची राहून गेली आहे. ती खीर कुत्र्याने स्वतः शिजविलेली नसते. कोणीतरी ती मायेने त्याच्यापुढे ठेवलेली असते.

घरी पाळलेल्या कुत्र्याचे पोट बिघडते ते बहुधा घरच्या माणसांच्या मायेमुळे, आणि बिघडलेले पोट सुधारण्याच्या खटाटोपात ते कित्येकदा अधिक बिघडते तेही मायेमुळेच. लहान मूल कोठे दुखते ते बोटाने तरी दाखविते. कुत्रा तेवढेही करीत नाही. उलट दुखणे लपविण्याकडेच त्याचा स्वभावतः कल असतो. तो एका कोपऱ्यात जाऊन पडतो आणि घरातील मंडळी दोन पक्षांत विभागली जातात. ‘काही नाही, उद्या बरा होईल’ असे म्हणणारा एक पक्ष आणि औषधांच्या डब्यातून माणसांसाठी आणलेली गोळी शोधून काढणारा दुसरा. हे दोन्ही पक्ष कधीकधी बरोबर असतात, पण चुकतात तेव्हा कुत्र्याचा जीव जातो. कोणत्या वेळी थांबावे आणि कोणत्या वेळी धावावे हे ओळखणे, एवढेच काय ते या बाबतीत घरच्या माणसाचे खरे काम आहे. बाकीचे पशुवैद्याचे.

प्रथम कुत्र्याच्या पोटाची घडण पाहू. कुत्रा हा लांडग्याचा वंशज. लांडगा शिकार घाईघाईने गिळतो, पोटात साठवून लांब अंतरावरच्या गुहेपर्यंत नेतो आणि तेथे पिल्लांपुढे ओकून टाकतो. त्याच्या कुळात पोटातले अन्न बाहेर काढणे हा रोग नव्हे, ती संसाराची एक रीत आहे. हा वारसा कुत्र्याकडे आलेला असल्यामुळे त्याला ओकारी सहज येते. अधाशासारखे खाल्ले, सडके तोंडात गेले, किंवा रात्रभर पोट रिकामे राहिले, तरीही तो ओकतो. पहाटे पिवळा, फेसाळ घोट ओकून लगेच शेपूट हालवीत न्याहारीची वाट पाहणारा कुत्रा पुष्कळांनी पाहिला असेल. ते पिवळे पाणी म्हणजे रिकाम्या जठरात उलटून आलेले पित्त होय. अशा कुत्र्याला रात्री निजण्यापूर्वी थोडेसे खावयास दिले की ही तक्रार बहुधा नाहीशी होते.

मात्र तोंडातून बाहेर येणारे सारेच ओकारी नसते, आणि हा भेद जाणणे महत्त्वाचे आहे. खऱ्या ओकारीपूर्वी कुत्रा अस्वस्थ होतो, लाळ गाळतो, ओठ चाटतो. मग त्याचे पोट आत ओढले जाऊन उचंबळून येते. याउलट काही वेळा जेवणानंतर थोड्याच वेळात, कसलेही कष्ट न पडता, न पचलेले अन्न जसेच्या तसे खाली पडते. येथे बिघाड जठरात नसून अन्ननलिकेत असतो. तिसरा प्रकार सर्वांत भयंकर. कुत्रा पुनःपुन्हा ओकण्याचा यत्न करतो, पण फेसापलीकडे काही बाहेर पडत नाही, आणि पोट नगाऱ्यासारखे फुगत जाते. ग्रेट डेनसारख्या खोल छातीच्या थोराड जातींत हे विशेष आढळते. येथे जठर वायूने फुगून स्वतःभोवती पिळले गेलेले असते, त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत कुत्रा दगावतो. यावर घरगुती उपाय नाही, शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नाही. अशा वेळी सकाळची वाट पाहू नये.

कुत्रा गवत खातो ते पोट दुखते म्हणून, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकांनी याचा शोध घेण्यासाठी दीड हजारांहून अधिक कुत्रेमालकांकडून माहिती मागविली आणि २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. गवत खाण्यापूर्वी आजारी दिसणारे कुत्रे दहांत एकाहूनही कमी भरले, आणि गवत खाल्ल्यावर नेमाने ओकणारे चारांत एकाहून कमी. तेव्हा गवत खाणे ही कुत्र्याची जुनी सवय आहे एवढेच निश्चित म्हणता येते. नुकतीच कीटकनाशकाची फवारणी झालेल्या बागेतले गवत असेल तर गोष्ट निराळी.

लांडग्याचा वंशज म्हणून कुत्र्याला केवळ मांसच मानवते, भाकरी मानवत नाही, असेही अलीकडे ठासून सांगितले जाते. त्यात तथ्य थोडे. स्वीडनमधील संशोधकांनी २०१३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले की, पिष्ट पचविणारा पाचकरस निर्माण करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, तर कुत्र्यात त्या चारपासून तिसापर्यंत आढळतात. माणूस शेती करू लागला, त्याच्या उकिरड्यावर कुत्रा जगू लागला, आणि हजारो वर्षांत त्याचे पोट माणसाच्या धान्याशी जुळले. आपल्या खेड्यांतील राखणीचे कुत्रे पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी-बाजरीच्या भाकरीवर वाढले ते काही चमत्काराने नव्हे. केवळ भाकरीवर त्याचे पोषण पुरेसे होत नाही, ही गोष्ट वेगळी. दुधाचे मात्र तसे झाले नाही. पिल्लू मोठे होऊ लागले की दुधातील साखर पचविण्याची त्याची शक्ती ओसरत जाते. दूध-भाकरी खाऊन वर्षानुवर्षे सुखाने राहणारे कुत्रे आहेत. पण ज्याचे पोट वरचेवर ढिले होते, त्याचे दूध आधी बंद करून पाहावे. ताक किंवा दही थोडे बरे, कारण आंबताना त्यातील ती साखर कमी झालेली असते.

आता स्वयंपाकघराकडे वळावे. कुत्र्याच्या पोटाच्या बहुतेक तक्रारींचा उगम तेथेच आहे. मटणाच्या रश्शावरचा तवंग, तळणीतला उरलेला माल, सणासुदीची पक्वान्ने या सर्वांतील चरबी एकाएकी पोटात गेली म्हणजे स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. असा कुत्रा वारंवार ओकतो, अन्नाला तोंड लावीत नाही, आणि पुढचे पाय व छाती जमिनीला टेकवून मागचा भाग वर ठेवतो. जणू तो नमस्कार घालीत आहे असे पाहणाऱ्याला वाटते. वस्तुतः ते पोटातल्या तीव्र वेदनेचे आसन असते. कोंबडीचे शिजविलेले हाड तडकून त्याच्या अणकुचीदार कपच्या होतात. कांदा व लसूण, कच्चा असो वा शिजविलेला, कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतो. त्याचा परिणाम काही दिवसांनी दिसतो, म्हणून कांद्यावर कोणाचा संशयही जात नाही. चॉकलेटचा विषारीपणा आता बऱ्याच घरांत ठाऊक झाला आहे. साखरविरहित च्युइंगगम व मिठायांत घातले जाणारे झायलिटॉल मात्र अजून तितकेसे ठाऊक नाही. ते कुत्र्याच्या रक्तातील साखर झपाट्याने खाली आणते आणि यकृताची हानी करते.

नाशिक-सांगलीच्या प्रदेशात राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. द्राक्षे, मनुका आणि बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. किती खाल्ल्याने होतील याचा नेम नाही. एखाद्याला मूठभर पचतात, दुसऱ्याला थोडीशीही भोवतात. याचे कारण पुष्कळ वर्षे गूढ होते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात अमेरिकेतील पशुविषतज्ज्ञांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखविले, आणि त्याच निबंधात चिंच खाल्ल्याने मूत्रपिंडे बिघडलेल्या कुत्र्यांचीही नोंद आहे. आपल्या आमटीत चिंच असते, आणि उरलेली आमटी भातावर कालवून कुत्र्याला घालण्याची आपली चाल आहे. तिच्यातील चिंचेचे प्रमाण अल्प असले तरी मीठ, तिखट, फोडणीचे तेल आणि कांदा-लसूण ही मंडळीही तिच्यात असतातच. तेव्हा कुत्र्याचा भात आमटीवाचूनच बरा.

उन्हाळ्यात आंब्याची कोय हे एक प्रकरण होऊन बसते. रस काढून झाल्यावर कोयी परसात टाकल्या जातात, कुत्रा त्या चघळतो, आणि गुळगुळीत झालेली कोय एखाद्या वेळी सटकन घशाखाली जाते. जठरात ती काही काळ निमूटपणे पडून राहू शकते. पुढे सरकून आतड्यात अडकली म्हणजे मात्र ओकारी थांबत नाही, शौच बंद होते आणि पोट कडक लागते. दाणे खाऊन फेकलेले मक्याचे कणीस, मोजे, मुलांची रबरी खेळणी यांची गत अशीच. येथे वरवरच्या औषधांनी एक-दोन दिवस गेले, तर अडकलेल्या जागी आतडे कुजू लागते. आंब्याच्या दिवसांत कुत्रा ओकू लागला, तर पशुवैद्याला कोयीची शक्यता आवर्जून सांगावी.

सांगण्याचा विषय निघालाच आहे, तर साक्षीबद्दल बोलले पाहिजे. कुत्रा मुका असल्याने घरचा माणूस हाच त्याचा एकमेव साक्षीदार, आणि ही साक्ष जितकी चोख तितके पशुवैद्याचे काम सोपे. ‘काल रात्रीपासून बरा नाही’ ही साक्ष नव्हे. किती वाजता व किती वेळा ओकला, बाहेर पडलेले अन्न होते, पाणी होते की पिवळे पित्त, पाणी प्याल्यावर ते टिकते की लगेच परत येते, लघवी केव्हा केली, आदल्या दोन दिवसांत नवे काय खाल्ले, लस आणि जंताचे औषध केव्हा दिले, हे एका कागदावर लिहून काढावे. सरकारी कचेरीतील टिप्पणीची आपण पुष्कळ थट्टा करतो, परंतु तारीख-वार लिहिलेल्या टिपणाचे मोल अशा वेळी कळते.

विष्ठेकडे पाहणे किळसवाणे खरे, पण तिच्याइतका बोलका पुरावा दुसरा नाही. दिवसातून तीन-चार वेळा, पण प्रत्येक वेळी पुष्कळ आणि पातळ शौच होत असेल, तर बिघाड लहान आतड्यात असण्याचा संभव अधिक. घटकेघटकेला कुंथून थोडे थोडे, शेमट, वर तांबडे रक्त असलेले शौच होत असेल, तर मोठे आतडे सुजलेले असते. हे दिसावयास भयंकर, पण पुष्कळदा लवकर बरे होणारे असते. डांबरासारखी काळी, चिकट विष्ठा मात्र जठरात किंवा लहान आतड्यात रक्तस्राव होत असल्याची खूण आहे. स्वच्छ बाटलीत ताजा नमुना नेल्यास जंतांची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतात. पिल्लांच्या बाबतीत तर ही तपासणी अत्यावश्यक, कारण गोलकृमी त्यांना आईच्या उदरातच लागतात आणि अंकुशकृमी तिच्या दुधातून येतात. अंकुशकृमींनी रक्त शोषलेल्या पिल्लाच्या हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या दिसतात.

शरीरातील पाणी कमी झाले की नाही हे घरी सहज पाहता येते. मानेमागची कातडी चिमटीत वर उचलून सोडावी; ती तत्काळ जागी गेली तर ठीक, तंबूसारखी उभी राहिली तर पाणी बरेच कमी झाले आहे. हिरडी ओलसर व गुलाबी असावी. बोटाने दाबल्यावर ती पांढरी होते व सुमारे दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी होते, त्याहून अधिक वेळ लागणे चांगले नव्हे. कुत्र्याच्या शरीराचे तापमान माणसाहून अधिक, म्हणजे १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट असते. त्यामुळे कान गरम लागले म्हणून ताप आहे असा निर्णय करू नये. गुदद्वारात तापमापक ठेवून पाहावे.

प्रौढ, एरवी निरोगी कुत्रा एक-दोन वेळा ओकला, त्याचे शौच पातळ झाले, परंतु तो हाकेला ओ देतो, पाणी पितो आणि ते पोटात राहते, तर एक दिवस थांबण्यास हरकत नाही. पण कुत्रा पुनःपुन्हा ओकू लागला, पाणीही पोटात टिकेना, शौचात पुष्कळ रक्त पडू लागले, कुत्रा उठेनासा झाला, हिरड्या पांढऱ्या किंवा पिवळ्या दिसल्या, पोट फुगले, किंवा उंदराचे वा शेतीचे विष खाल्ल्याचा संशय आला, तर थांबण्याचा विचारही मनात आणू नये. कुत्रा वृद्ध असेल, मधुमेही असेल, किंवा कुत्री गाभण असेल, तर नियम याहून कडक असावा.

आणि पिल्लू असेल तर? येथे क्षणभर अधिक थांबले पाहिजे, कारण याच ठिकाणी सर्वाधिक जीव जातात. जुन्या पिढीतील श्वानप्रेमींना डिस्टेंपरची भीती वाटे. पार्व्होचे नावही त्यांनी ऐकलेले नव्हते, आणि त्यांना दोष देता येत नाही, कारण तो रोग तेव्हा ज्ञातच नव्हता. मांजरांत आढळणाऱ्या एका विषाणूचा हा जवळचा नातलग १९७८ साली कुत्र्यांमध्ये ओळखला गेला आणि दोन-एक वर्षांत जगभर पसरला. आज भारतातील कोणत्याही शहरात किंवा गावात तो आढळतो. दीड महिन्यापासून सहा महिन्यांपर्यंतची पिल्ले त्याचे मुख्य भक्ष्य. आदल्या दिवशी बागडणारे पिल्लू मलूल होते, अन्न टाकते, ओकू लागते, आणि मग विशिष्ट उग्र दुर्गंधीचे, रक्तमिश्रित पाण्यासारखे जुलाब सुरू होतात. हा विषाणू आतड्याच्या अस्तरातील आणि अस्थिमज्जेतील झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाला घालतो. त्यामुळे एकीकडे आतड्याची भिंत उघडी पडते आणि दुसरीकडे रक्तातील पांढऱ्या पेशी, म्हणजे शरीराचे शिपाई, नाहीसे होतात. उपचार न झाल्यास दहांतील नऊपर्यंत पिल्ले दगावू शकतात. शिरेतून सलाइन, ओकारी थांबविणारी औषधे आणि कसून शुश्रूषा मिळाल्यास हेच प्रमाण जवळजवळ उलटे होते. दहांतील आठ किंवा त्याहून अधिक वाचतात. या दोन आकड्यांमधील अंतर पुष्कळदा पहिल्या दिवसाने ठरते. ‘उद्या पाहू’ हे वाक्य पिल्लाच्या बाबतीत उच्चारू नये ते यासाठी.

या विषाणूची चिवटताही विलक्षण. बाधित पिल्लाच्या विष्ठेतून तो जमिनीवर पडला की महिनोन्‌महिने, कधी वर्षभरही, तेथे जिवंत राहतो. साधा साबण किंवा हातावर चोळावयाचे मद्यार्कयुक्त द्रव त्याला मारीत नाहीत. फरशी आधी स्वच्छ धुऊन तीवर पाण्यात मिसळलेल्या ब्लीचिंगचा द्रव दहा मिनिटे राहू द्यावा लागतो. एक पिल्लू गेल्यावर मुलांचे रडणे थांबावे म्हणून त्याच आठवड्यात दुसरे आणले जाते आणि तेही त्याच वाटेने जाते, हे प्रत्येक पशुवैद्याच्या परिचयाचे आहे. लस उत्तम आहे, पण एकदा टोचून भागत नाही. आईच्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती लसीला निष्प्रभ करते, आणि ती केव्हा ओसरेल हे प्रत्येक पिल्लागणिक वेगळे. म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिली, आणि नंतर दर तीन-चार आठवड्यांनी सोळा आठवड्यांपर्यंत पुढच्या मात्रा देतात. मालिका अपुरी सोडून ‘लस दिली होती’ असे सांगणारे मालक पुष्कळ. ते खोटे बोलत नसतात, एवढेच.

घरच्या शुश्रूषेत पहिला मान पाण्याचा. दहा किलो वजनाच्या कुत्र्याला दिवसाकाठी अर्धा लिटर किंवा थोडे अधिक पाणी एरवीही लागतेच. परंतु ओकणाऱ्या कुत्र्यापुढे भरलेले भांडे ठेवले तर तो ते गटागटा पिऊन पुन्हा ओकतो. दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-चार चमचे पाणी द्यावे, किंवा बर्फाचा खडा चाटू द्यावा. ओकारी थांबल्यावर जलसंजीवनी थोडी थोडी देता येते. मीठ आणि साखर यांच्या योग्य मिश्रणाने आतड्यातून पाणी ओढून घेतले जाते, हे तत्त्व माणसाच्या आणि कुत्र्याच्या आतड्यांत सारखेच आहे. १९७१ साली बांगलादेशाच्या युद्धकाळात बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावर पटकीच्या हजारो रोग्यांना वाचविले होते. घरी अंदाजाने मीठ कालविण्यापेक्षा तयार पुडी अचूक मापाच्या पाण्यात विरघळवावी. विष खाल्ल्याच्या संशयावरून कुत्र्याला मिठाचे पाणी पाजून ओकावयास लावण्याचा जुना उपाय तर पूर्णपणे सोडून द्यावा. अतिरिक्त मीठ स्वतःच मेंदूवर आघात करते. रॉकेल किंवा आम्लासारखा दाहक पदार्थ पोटात गेला असेल तर ओकारी काढणे दुहेरी घातक ठरते.

लंघन हे परम औषध, असे आपल्याकडे मानतात, आणि पूर्वी पशुवैद्यही पूर्ण दिवसाचा उपास सांगत. आता मत पालटले आहे. दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया विद्यापीठात पार्व्होच्या रुग्णांवर अभ्यास करून २००३ साली असे दाखविण्यात आले की, ज्यांना नळीवाटे लवकर अन्न दिले त्यांची प्रकृती उपाशी ठेवलेल्यांपेक्षा लवकर सुधारली. आतड्याच्या अस्तराला त्याचे पोषण आतून जाणाऱ्या अन्नातूनही मिळते. प्रौढ कुत्रा ओकत असेल तर दहा-बारा तास पोटाला विसावा द्यावा, केवळ जुलाब असतील तर तेवढाही नको. आणि पिल्लाला कधीच उपाशी ठेवू नये, कारण त्याच्या रक्तातील साखर पाहता पाहता उतरते.

अन्न कोणते? मऊ शिजविलेला भात आणि त्यात कातडे व हाडे काढून नुसत्या पाण्यात उकडलेल्या कोंबडीचे तंतू. भात दोन वाटे, मांस एक वाटा. मीठ, हळद, तूप, फोडणी काही नको. घरात मांस शिजत नसेल तर साय पूर्ण काढलेल्या दुधाचे घरगुती पनीर थोडे घालावे. जुलाब असतील तर उकडलेल्या लाल भोपळ्याचा चमचा-दोन चमचे गर हितकर ठरतो. नेहमीच्या जेवणाचे पाच-सहा भाग करून दिवसभरात थोडे थोडे द्यावे. कुत्रा अधिक मागतो, मान वाकडी करून पाहतो, आणि येथे गृहिणीच्या मनाची कसोटी लागते.

औषधांच्या डब्याला मात्र कुलूप असावे. माणसाच्या दुखण्यावर सर्रास दिली जाणारी आयब्युप्रोफेन व डायक्लोफिनॅक ही औषधे कुत्र्याच्या जठरात व्रण पाडतात आणि मूत्रपिंडे निकामी करतात. पोट दुखते म्हणून दिलेल्या गोळीने पोटातून रक्त वाहू लागावे, हा उपाय कसला? याच डायक्लोफिनॅकचा जनावरांसाठी उपयोग गिधाडांच्या संहारामुळे भारत सरकारने २००६ साली बंद केला, हे अनेकांना आठवत असेल. पॅरासिटामॉल यकृतावर घाला घालते. जुलाब थांबविणारे लोपरामाइड कोली व तत्सम जातींतील काही कुत्र्यांच्या मेंदूत शिरून त्यांना बेशुद्ध करते. आणि विषारी द्रव्य बाहेर टाकू पाहणाऱ्या आतड्याला बांधून ठेवणे हे कोणत्याही जातीत शहाणपणाचे नव्हे. प्रतिजैविकांबद्दलही हात आखडताच हवा. पूर्वी ढाळ लागले की मेट्रोनिडाझोल, असा जणू नियमच होता. २०२४ साली युरोपातील तज्ज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत, सौम्य व मध्यम स्वरूपाच्या तीव्र अतिसारात कुत्र्याला प्रतिजैविके देऊ नयेत असे म्हटले आहे. असा अतिसार बहुधा आपल्याआप थांबतो. औषधाने आतड्यातील उपयुक्त जंतू मात्र मरतात.

पावसाळ्यात आणखी एका संकटाची जाणीव असावी. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. २००५ च्या जुलैमधील महापुरानंतर मुंबईत त्याने माणसांनाही ग्रासले होते. कुत्र्यात त्याची सुरुवात साध्या ओकारीने आणि अन्नद्वेषाने होते. मग डोळे व हिरड्या पिवळ्या पडतात. गोचिडांमुळे होणाऱ्या तापातही प्रथम पोटच बिघडल्यासारखे दिसते. अशा कुत्र्याचे मूत्र व विष्ठा काढताना हातमोजे घालावेत आणि लहान मुलांना त्या जागेवर अनवाणी फिरू देऊ नये.

पशुवैद्य कोठे गाठावा, हा प्रश्न आज पूर्वीइतका बिकट नाही. परळ येथे १८८६ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, मद्रासला १९०३ साली. आज बहुतेक राज्यांत अशी महाविद्यालये आणि त्यांना जोडलेली रुग्णालये आहेत. आडगावी राहणाऱ्यांसाठी तालुक्याचा गुरांचा दवाखाना आहेच. तेथील डॉक्टर गाई-म्हशींसाठी नेमलेले असले तरी कुत्र्याला परत पाठवीत नाहीत. दवाखाना रात्री उघडा असतो काय आणि तेथपर्यंत वाहन कोणते मिळेल, याची चौकशी कुत्रा धडधाकट असतानाच करून ठेवावी.

ओकारी थांबून शौच बांधून होऊ लागले की दोन दिवस तोच भात चालू ठेवावा आणि मग नेहमीचे अन्न त्यात चौथा हिस्सा, अर्धा, पाऊण असे चार-पाच दिवसांत वाढवीत न्यावे. पहिल्या एक-दोन दिवसांत शौच न झाले तरी काळजी नको. आतडे रिकामेच झालेले असते. अखेरीस पुन्हा नुसती भाकरी पुढे आली म्हणजे, आठवडाभर कोंबडी खाल्लेला कुत्रा तिच्याकडे पाहून तोंड फिरवितो आणि घरात पुन्हा धावपळ सुरू होते. हा आजार नव्हे. तो पाणी पितो आहे, खेळतो आहे, शेपूट हालते आहे, एवढे पाहावे आणि भाकरी उचलून ठेवावी. संध्याकाळी तो ती मुकाट्याने खातो.